सहा अठरांश

वरची वाडी, वैशाखरे
२१ नोव्हेंबर

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. तो पोचला असं समजा, कारण प्रत्यक्ष वाकायला गेले की तुम्ही पेपर तोंडासमोर धरता. दिवाळीचे चार दिवस आपण एका घरात काढले आणि आईमार्फत बोललो. "तिला म्हणावं, चटणी पुढे कर." चटणी माझ्यासमोर, तुम्ही माझ्या शेजारी, आणि आई आत चुलीपाशी. ती बिचारी तिथून ओरडली, "गो कुणाली, त्यांना चटणी दे," तेव्हा कुठे मी दिली.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र तुम्ही वाचणारच, मला ठाऊक आहे. लिहिलेला कागद समोर आला की तुमचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही तपासून ठेवता.

माफी मागायला हे लिहीत नाही, ते आधीच सांगते. जानेवारीत जे बोलले ते आजही बोलेन. अडचण वेगळी आहे. अपूर्णांकाचा धडा पुन्हा आलाय आणि पोरं संक्षिप्त रूप करायला तयार नाहीत. कारण तुम्हाला माहीत आहे, तरी 'मला काही आठवत नाही' असं तुम्ही आईला सांगता, म्हणून लिहिते.

त्या दिवशी वाडीच्या गावदेवाला बोकड होता. तुम्ही निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच माझी शाळा बघायला आला होता. मी किती मिरवत होते, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही खडू घेतलात आणि पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवसाचं उदाहरण घातलंत, आकडे तेवढे सोपे करून: "बोकडाचे अठरा वाटे केले. सहा वाटे एका आळीत गेले. आळीला बोकडाचा कितवा भाग मिळाला?" तेव्हा चौथीत असलेल्या दिपिकाने लिहिलं, सहा अठरांश. तुम्ही म्हणालात, "अर्धवट आहे. संक्षिप्त रूप दे." ती उभी राहिली आणि म्हणाली, "त्याचा लहान नाय करायचा गुरुजी. त्या सा चुली हायत. एक केली त पाच चुलींनी काय खायचा?"

तुम्ही तिच्या वहीत लाल गोल केलात. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "बाबा, तिचं बरोबर आहे." तुम्ही पेनाला टोपण लावलंत, पिशवी उचललीत आणि वैशाखऱ्याच्या फाट्याकडे चालू लागलात. जेवायलाही थांबला नाहीत.

तुमच्याइतकं सुंदर गणित शिकवताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून देते. शहापूरच्या शाळेच्या मैदानात तुम्ही पोरांच्या दोन ओळी करायचात. वर आठ, खाली बारा. "हात धरा. दोन्ही ओळींत एकाच मापाचे गट. एकही पोर सुटं राहता कामा नये." आधी दोघादोघांचे गट व्हायचे, मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा आणि चौघाचौघांचे व्हायचे. वर दोन गट, खाली तीन. मग तुम्ही ओळींमधून एक फेरी मारून म्हणायचात, "याहून लहान होत नाही. तपासलं." त्या 'तपासलं'साठी आम्ही जीव टाकायचो. मसावि म्हणजे काय ते मला कुणी सांगितलंच नाही, मी तो हाताने धरलाय.

मीही इथे तस्संच करते. पोरं खुशीने हात धरतात, गट करतात. कागदावर आलं की पुन्हा तेच. अठरातले सहा वाटे म्हणजे सहा घरं जेवली, तिनातला एक म्हणजे एक घर जेवलं, हे दोन सारखे कसे? भाग तेवढाच राहतो, असं मी घसा फोडून सांगते. दिपिका म्हणते, "भाग तेवढाच ऱ्हातो बाई. पन मानसं तेवढी नाय ऱ्हात." यावर काय सांगू?

तुम्ही हट्टी आहात. मीही हट्टी आहे. तुम्ही दहा महिने बोलला नाहीत. मीही दहा महिने बोलले नाही. पण प्रश्न खरा आहे, म्हणून विचारते.

आणखी एक. तुमचा वाटा त्या दिवशी पानावरच राहिला.

कुणाली


वरची वाडी
९ डिसेंबर

बाबा,

माझं पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र मला परत मिळालं! पाकिटावर तुमचं अक्षर बघून उभ्या उभ्याच उघडलं, तर आत माझी चार पानं, जागोजागी लाल. टेकावर जाऊन आईला फोन लावला (रेंज फक्त तिथेच येते) आणि तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "अगो, तीन दिवस घेऊन बसलेत ते पत्र. मागच्या पडवीत. जेवायला हाक मारली तर म्हणाले, पेपर तपासतोय."

राग ओसरल्यावर नीट बघितलं. 'तुम्ही हट्टी आहात' यावर तिरकी रेघ. 'मीही हट्टी आहे' यावरही तिरकी रेघ. दहा महिन्यांचं तुमचं न बोलणं खोडलंय आणि त्याच्या शेजारचं माझंही खोडलंय. चूक आडवी खोडतात. तिरकी रेघ तुम्ही फक्त अंश-छेदातलं सारखं उडवताना मारता, हे तुमच्या मुलीला कळत नाही की काय? खाली शेरा: "वर-खाली सारखे आहे ते उडव. पत्र अजून संक्षिप्त होते." आणि दिपिकाच्या प्रश्नापुढे: "प्रश्न चांगला. विचार चालू आहे."

बाबा, मी ते पान घेऊन वर्गात नाचले. 'प्रश्न चांगला' हा शेरा तुम्ही आयुष्यात मला एकदाही दिलेला नाही. दिपिकाला दाखवला तर ती मख्खपणे म्हणाली, "मंग गोल का नाय खोडला?" आता बोला.

एका वाक्यावर तुम्ही काहीच खूण केली नाहीत. वाटा पानावर राहिला, ते वाक्य. त्याचं पुढचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि मी इतके दिवस सांगितलंही नाही.

इथे वाटे करतात जैतूबाबा, दिपिकाचे आजोबा. जितक्या चुली तितकी पळसाची पानं मांडतात. प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं पडलं पाहिजे: बरगडी, मांडी, काळीज, चरबी. म्हणून तर पोरांना वाटा म्हणजे नुसता आकडा वाटत नाही. शाळेमागच्या खोलीत मी चूल मांडली तेव्हापासून माझंही एक पान असतं. त्या दिवशी जैतूबाबांनी न विचारता एक पान जास्तीचं मांडलं. "बाईचा बाप आलाय, मास्तर हाय," एवढंच म्हणाले.

तुम्ही निघून गेलात. दुसऱ्याचा वाटा इथे कुणी खात नाही. संध्याकाळपर्यंत ते पान तसंच होतं, मग जैतूबाबांनी ते देवाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला लागलं. वाटा टाकून गेलेल्या माणसाचं पान पुढच्या वर्षी आपण होऊन मांडत नाहीत. तो येतो म्हणाला तरच मांडतात. आणि त्या वर्षीही आला नाही, तर वाडी त्याला पुन्हा कधी मोजत नाही. भांडण नाही, काही नाही. नुसतं मोजत नाहीत.

संक्रांत झाली की येणाऱ्या मंगळवारी गावदेव आहे. जैतूबाबांनी काल सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तराचा काय?" मी म्हटलं, विचार चालू आहे.

कुणाली


वरची वाडी
२७ डिसेंबर

बाबा,

यावेळी पत्र परत आलं नाही, म्हणजे खोडण्यासारखं काही सापडलं नसावं. हा मी माझा विजय धरते.

इथे मोठा घोळ झाला. खालच्या वाडीने गावदेवासाठी पाळलेला बोकड बिबट्याने नेला. आता इतक्या थोड्या दिवसांत दुसरा कुठून आणणार? मग ठरलं की दोन्ही वाड्यांनी मिळून वरच्या वाडीचाच बोकड करायचा. खालच्या वाडीत चोवीस चुली, वरच्या वाडीत माझी धरून छत्तीस. सगळे मिळून साठ वाटे.

एका बोकडाचे साठ वाटे, आणि प्रत्येकात सगळ्यातलं थोडं! जैतूबाबांचा हात हल्ली थरथरतो. खालच्या वाडीचा सुदाम शाळेच्या ओट्यावर चढून म्हणाला, "वरच्यांचा बोकड, वरच्यांचीच सुरी. आमच्या पानावं शेपूट येल." वरचे म्हणाले, मग येऊ नका. बाया एकमेकींच्या विहिरीवर जाईनात. गेल्या आठवड्यात खालच्या वाडीची पोरं शाळेतच आली नाहीत. अर्धा वर्ग रिकामा, बाबा. खिचडी उरली, ती मी आणि कुत्र्यांनी खाल्ली.

सोमवारी दोन्हीकडची मोठी माणसं शाळेसमोर बसली, म्हणजे भांडायलाच बसली. मी फळा पुसत होते. दिपिका बाहेर गेली आणि म्हणाली, "मी सांगू? पन उभं ऱ्हावा लागंल." म्हाताऱ्या माणसांना ती उभं करते म्हटल्यावर मी तिला थांबवायला पुढे झाले. पण जैतूबाबा उठले, मग सगळेच उठले. माणसं कमी पडली तर तिने वर्गातली पोरं भरली, तरी साठ होईनात, म्हणून उरलेल्या चुलींसाठी जमिनीवर दगड मांडले. वरची ओळ खालच्या वाडीची, खालची ओळ वरच्या वाडीची, कारण सुदामने वर उभं राहायचा हट्ट धरला. आणि मग तिने तुमच्या आवाजात सांगितलं, "हात धरा. एकाच मापाचे गट. कोनी सुटा ऱ्हाता कामा नये."

आधी दोघादोघांचे झाले. मग चौघाचौघांचे, मग सहा-सहांचे. सुदाम कंटाळला. ती म्हणाली, "थांब काका, अजून लहान व्हतो." बारा-बारांचे गट झाले. तिकडे दोन, इकडे तीन. तिने ओळींमधून फेरी मारली, दगडांवरून उड्या मारत. "याहून लहान नाय व्हत. तपासला."

मग तिने सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लिहिते. "बोकडाचं पयलं पाचच भाग करायचं. पाच भाग सगल्यांना दिसतात, त्यात कोन कोनाला फसवील? दोन खालच्यांनी न्यायचं, तीन आपुन ठेवायचं. मंग आपापल्या चुलींची पानं आपापल्या सुरीनं. सुरीला दोन पंचमांश, पानांना चोवीस साठांश."

सुदाम पाच बोटं वर धरून दोन मिटत होता, उघडत होता. मग म्हणाला, "आमची सुरी आमी आनू ना?" झालं, भांडण मिटलं. जैतूबाबा माझ्याकडे वळले, "हा हात धराचा खेल कोनाचा?" मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. ते म्हणाले, "मंग म्हातारा बरोबर व्हता. आन पोर पन."

फळ्यापाशी येऊन मी रडले, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. शाळेतून घरी येताना तुमच्या शर्टाच्या बाहीला नेहमी खडू लागलेला असायचा आणि मला त्याची लाज वाटायची. परवा दिपिकाच्या परकराला खडू लागलेला बघून मला तुमचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसांना तुम्ही हात धरायला लावलंत.

आज खालची पोरं शाळेत आली. खिचडी पुरली नाही.

जैतूबाबा पुन्हा विचारतायत, मास्तराचा काय. पानं किती आणायची ते त्यांना आधी कळलं पाहिजे.

कुणाली


वरची वाडी
१० जानेवारी

बाबा,

यावेळी पत्र परत आलं. तिसऱ्या पानावर एकही लाल रेघ नाही, फक्त दिपिकाच्या बोलण्यापुढे मोठ्ठी बरोबरची खूण. ती खूण तिने बोटाने गिरवून बघितली.

पण शेवटी तुम्ही लिहिलंत: "माझा वाटा धरला तर एकूण ६१. ही मूळ संख्या आहे. कशानेही भाग जात नाही. ३७ आणि २४ यांत सामाईक काही नाही. मुलीने बसवलेले विस्कटेल. धरू नका."

किती वेळ बघत बसले मी त्या आकड्यांकडे. यायचं नाही असं तुम्ही लिहिलं नाहीत. राग आहे असंही नाही. एका पोरीचं उत्तर बिघडू नये म्हणून तुम्ही स्वतःला मोजणीतून काढलंत, आणि तेही कारण देऊन. असं फक्त तुम्हीच करू जाणता. मला तुमचा राग आला आणि त्याच वेळी धावत येऊन पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मूळ संख्या म्हणे! तुम्हीच मूळ संख्या आहात. एक आणि स्वतः, बाकी कुणाला भाग जाऊ द्यायचा नाही.

मी ते जैतूबाबांना वाचून दाखवलं. एकसष्ट का जमत नाही तेही समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इस्कटला त इस्कटू दे. पुना भांडू. मास्तराला येऊ दे."

सुदामही तिथे होता. तो म्हणाला, पाचाचं ठरलंय ते मोडायचं नाही. पुन्हा आवाज चढायला लागले. दिपिका पायरीवर चिंचा सोलत बसली होती. तिने मान वर केली. "गुरुजींची चूल येगली कुठं हाय?"

सगळे तिच्याकडे वळले.

"वाटा मानसाचा नसतो, चुलीचा असतो. गुरुजी आन बाई येकच चूल. बाईंचं पान हायच की. त्यातच बसतील दोघं." मग माझ्याकडे बघून, "बोलत नसली तरी चूल येकच ना, बाई?"

मी हो म्हटलं. साठ ते साठच राहिले. जैतूबाबांनी ठरवून टाकलं, "बाईच्या पानावं दोघांचा. म्हातारा आला नाय त बाईनं निम्मा खायचा, निम्मा पानावं ऱ्हाऊ द्यायचा." म्हणजे यावर्षी मला अर्ध्या पोटी ठेवायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे.

अजून पुष्कळ लिहायचं होतं. आईच्या गुडघ्याचं, तुमच्या चष्म्याचं, जानेवारीत मी कुणाची बाजू घेतली आणि का घेतली त्याचं. पण तुम्ही तिरक्या रेघा मारत बसाल. म्हणून यावेळी ते काम मीच केलंय. मोठं पत्र वाचून बाजूला ठेवा. खरं पत्र सोबतच्या चिठ्ठीत आहे, संक्षिप्त रूपात.

कुणाली


(सोबतची चिठ्ठी)

बाबा,
चूल एक. वाटा एक. अर्धा तुमचा. या.


आसनगाव
१३ जानेवारी

चि. कुणाली,

दिपिकाला तिची गेल्या वर्षीची वही शोधून ठेवायला सांग. लाल पेन आणतो आहे. गोल मी केला होता, मीच खोडीन, सर्वांसमोर.

एक द्वितीयांश. याहून लहान होत नाही. तपासलं.

येतो.

बाबा